टाइप २ मधुमेह आणि उपवास : आधी गोळी बघा, मग ताट

कडूनिंब

चातुर्मास तोंडावर आला की एकच प्रश्न फिरून फिरून येतो : "शुगर आहे, उपवास केला तर चालेल का?" याला एक उत्तर नाही, कारण उपवासही एक प्रकारचा नाही आणि औषधंही एक नाहीत. फक्त मेटफॉर्मिनवर असलेल्याने एकादशी करणं आणि इन्सुलिन घेणाऱ्याने निर्जळी हरतालिका करणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

उपवासाला साखर दोन्ही बाजूंनी दगा देते. पोट रिकामं आणि गोळी मात्र रोजचीच, म्हणून खाली जाते. मग साबुदाणा, बटाटा, रताळं, खजूर एका बैठकीत पोटात गेलं की वर चढते. "एकादशी आणि दुप्पट खाशी" ही म्हण मधुमेह्यासाठी शब्दशः खरी आहे. बहुतेक सल्ले फक्त काय खावं एवढंच सांगतात. माझं म्हणणं, आधी गोळीचा विचार करा आणि मग ताटाचा.

उपवासाच्या तऱ्हाही वेगळ्या बघाव्या लागतात :

संकष्टी सगळ्यात फसवी. दिवसभर थोडंसं काहीतरी आणि जेवण चंद्रोदयानंतर, म्हणजे साडेआठ ते दहाच्या दरम्यान कधीही. सकाळच्या गोळीचा अंमल ऐन दुपारी असतो आणि ताट रात्री येतं.

श्रावणी सोमवार संध्याकाळी सुटतो, त्यामुळे संकष्टीपेक्षा दोन-तीन तास सोपा.

एकादशीला दिवसभर फराळ असतो, म्हणून साखर खाली जाण्यापेक्षा वर जाण्याची भीती जास्त. शिवाय द्वादशीच्या पारण्याला गोडाचं जेवण.

नवरात्रात नऊ दिवस सलग फराळी पदार्थ म्हणजे नऊ दिवस प्रथिनं कमी आणि स्टार्च जास्त. इथे एका दिवसाचा हिशोब उपयोगी नाही.

निर्जळीबद्दल खाली लिहालच. मला विचाराल तर गोळ्या-इन्सुलिनवाल्यांनी ती करूच नये.

औषधं, ताट, मोजणं, ज्याला ज्यातलं कळतं त्याने ते लिहा. अनुभवकथन नको, नेमकं लिहा.

खलबत्ता

औषधांचं मी लिहितो. आधी गोळीच्या पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा. आपल्याकडे एका गोळीत दोन-दोन, तीन-तीन औषधं असतात. "मी एकच गोळी घेतो" म्हणणाऱ्याच्या त्या एका गोळीत ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज असे तिघे बसलेले असू शकतात. ब्रँडच्या नावावरून काही कळत नाही, आतली नावं बघा.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड : ही स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, तुम्ही जेवलात की नाही याची वाट न बघता. उपवासात साखर खाली जाण्याचं मुख्य कारण हीच. साठी-पासष्टी ओलांडलेल्यांना आणि मूत्रपिंड अधू असलेल्यांना धोका जास्त, कारण औषध शरीरात रेंगाळतं. त्यातही ग्लिबेनक्लामाइड. संकष्टीला ही गोळी सकाळी घ्यायची, रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यायची, कमी करायची की त्या दिवशी वगळायची, हे डॉक्टरांनी ठरवायचं. पण त्यासाठी आठवडाभर आधी विचारा, चतुर्थीच्या सकाळी फोन करून नव्हे.

मेटफॉर्मिन : एकटं असेल तर साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा पाडत नाही. मात्र रिकाम्या पोटी घेतलं की मळमळ, जुलाब. त्या दिवशी जे मोठं खाणं असेल त्याच्याबरोबर घेणं बरं.

सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन : एकटी असतील तर उपवासात फारसा त्रास नाही. ग्लिमेपिराइडच्या जोडीला असतील तर वरचाच नियम.

व्होग्लिबोज, अकार्बोज : जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या गोळ्या. जेवण नाही तर गोळीचा उपयोग नाही.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन : या जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, बरोबर पाणीही जातं. पाणी न पिता उपवास केला तर रक्तदाब घसरतो, चक्कर येते. त्याहून वाईट म्हणजे रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साचून आम्लता वाढते, आणि तेव्हा ग्लुकोमीटर १८० किंवा २०० असा साळसूद आकडा दाखवत असतो. मळमळ, ओकाऱ्या, पोटदुखी, धाप अशी लक्षणं दिसली तर आकडा कितीही असो, सरळ रुग्णालयात जा, "ही गोळी चालू आहे, कीटोन तपासा" असं स्वतःहून सांगा. या गोळ्यांचा परिणाम थांबवल्यावरही दोन-तीन दिवस राहतो. "आजची घेतली नाही" म्हणून निर्जळी करायला मोकळे, असं समजू नका.

इन्सुलिन : सकाळ-संध्याकाळ मिश्र इन्सुलिन घेणाऱ्यांनी दुपारचं जेवण सोडायचंच नाही. सकाळच्या इंजेक्शनमधला सावकाश काम करणारा भाग दुपारीच जोरात असतो.

कुठलंही औषध आपल्या मनाने बंद करू नका. आणि उलटही नको : फराळ जास्त झाला म्हणून रात्री जादा गोळी घेऊ नका.

रेवा_तीर

संकष्टीच्या चंद्रोदयाबद्दल छोटी भर. कॅलेंडरवरची वेळ बहुधा मुंबईची असते. नागपूरला चंद्र साधारण वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो. पावसाळ्यात चंद्र दिसत नाही म्हणून ताटकळण्यापेक्षा आपल्या गावाची वेळ बघा आणि जेवा.

घाटमाथा

खलबत्ता, साखर कमी झाली तर काय द्यायचं तेही लिहा. बहुतेक घरांत चॉकलेट पुढे करतात.

खलबत्ता

चॉकलेटमधल्या स्निग्धामुळे साखर रक्तात सावकाश उतरते, म्हणून त्या वेळी ते कुचकामी. पेढा, बर्फीचंही तेच.

मीटरवर ७० च्या खाली आकडा आला, किंवा हात थरथरणं, दरदरून घाम, धडधड, बोलण्यात गोंधळ यातलं काही दिसलं आणि मीटर हाताशी नसलं, तर उपवास तिथेच संपला. १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर, म्हणजे चहाचे तीन भरलेले चमचे, अर्धा पेला पाण्यात. नसेल तर तेवढीच साखर. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की थांबू नका, भाकरी-दूध, केळं, जे असेल ते खा, नाहीतर तासाभरात पुन्हा खाली जाईल. ग्लिमेपिराइडचा अंमल लांबतो, म्हणून त्या दिवशी रात्रीपर्यंत दर दोन-तीन तासांनी मोजा.

आता महत्त्वाचं. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल तर साखर देऊन भागत नाही. साखरेचे आतड्यात दोन तुकडे व्हावे लागतात आणि हे औषध नेमकं तेच अडवतं. अशा घरात ग्लुकोज पावडरच हवी. तीही नसेल तर मध, त्यात ग्लुकोज सुटंच असतं. किराणा दुकानातला ग्लुकोजचा पुडा घेताना पाठीमागे घटक बघा, काहींत चव यावी म्हणून साखर मिसळलेली असते.

रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल चालू असेल तर धडधड आणि थरथर जाणवत नाही. घाम मात्र येतो. घामावर लक्ष ठेवा.

माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवा आणि १०८.

दोन_चमचे

ताटाकडे वळू. मी सगळे आकडे शिजवण्याआधीच्या, कच्च्या वजनावर देते. शिजल्यावर पाणी किती शोषलं यावर वाटीचा अंदाज पार बदलतो. स्वयंपाकघरात दोन-तीनशे रुपयांचा काटा ठेवा, निदान पहिले काही दिवस. डोळ्याने "थोडंसं" म्हणून घेतलेला साबुदाणा हमखास ७०-८० ग्रॅम भरतो.

साबुदाणा १०० ग्रॅमला सुमारे ८७ ग्रॅम कर्बोदकं, प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाही. तो टॅपिओकाच्या कंदाचा नुसता स्टार्च आहे. ६० ग्रॅम साबुदाण्याची खिचडी, म्हणजे एक साधी ताटली, ५२ ग्रॅम कर्बोदकं. मध्यम पोळीत २५ ग्रॅम कणीक धरली तर तीन पोळ्या झाल्या, आणि वर बटाटा वेगळा.

वरी १०० ग्रॅमला सुमारे ६५ ग्रॅम कर्बोदकं, राजगिरा सुमारे ६०, पण राजगिऱ्यात प्रथिनं १३-१४ ग्रॅम. रताळं २०-२५, बटाटा १५-२०. शेंगदाण्यात प्रथिनं २५.

घाटमाथा

पण वरी मिलेट आहे ना? मिलेट तर मधुमेहाला चांगलं म्हणतात. आणि रताळं?

दोन_चमचे

मिलेट म्हणजे मुभा नव्हे. पॉलिश केलेली पांढरीशुभ्र वरी तीन-चार पट पाण्यात गिच्च शिजवून दोन वाट्या खाल्ली तर भातच खाल्ल्यासारखं आहे. हाच घोटाळा भाकरीचा. "भाकरीने साखर वाढत नाही" म्हणून दोन दोन खातात. ज्वारीच्या एका भाकरीला ५५-६० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे एक भाकरी दोन पोळ्यांना भारी. ज्वारीचा कोंडा चांगला, पण मोजून.

रताळं उकडून गार करून, फोडी करून दह्याबरोबर खाल्लं तर १०० ग्रॅमपर्यंत चालून जातं. भट्टीत भाजलेलं रताळं गोड लागतं ते उगाच नाही, सावकाश भाजताना त्यातल्या स्टार्चची साखर होते. आणि रताळ्याचा कीस गूळ घालून असेल तर हिशोबच करू नका.

एकादशीचं एक ताट लिहिते, एका माणसाचं :

वरी ४० ग्रॅम. कोरडीच मंद आचेवर रंग बदलेपर्यंत भाजायची, मग धुवायची, चमचाभर तुपात जिरं-मिरची, अडीच पट गरम पाणी. दाणा मोकळा राहिला पाहिजे. आधी धुऊन मग भाजायला गेलात तर ती कढईला चिकटते आणि शिजून लगदा होतो. लगदा जेवढा जास्त तेवढी साखर लवकर चढते.

दाण्याची आमटी : ३० ग्रॅम भाजलेले दाणे, जिरं, हिरवी मिरची, पाणी घालून गंधासारखं वाटायचं. आमसूल दोन, मीठ, उकळी. गूळ नाही. गुळाशिवाय आमटी तुरट लागते अशी तक्रार असते, तिचं कारण बहुधा दाणे करपलेले किंवा सालासकट वाटलेले असतात. दाणे मंद आचेवर भाजून सालं काढा, मग गुळाची आठवण येत नाही.

काकडीची कोशिंबीर : दीडशे ग्रॅम काकडी, शंभर ग्रॅम दही. ही आधी खायची, वरी शेवटी. भाजी आणि प्रथिनं आधी, स्टार्च नंतर, या क्रमाने जेवणानंतरचा चढ कमी होतो. तुमच्या घरी राजगिऱ्याची पालेभाजी उपवासाला चालत असेल तर उत्तमच.

एवढ्यात कर्बोदकं पस्तीस-चाळीस ग्रॅम आणि प्रथिनं पंधराच्या आसपास.

खिचडी हवीच असेल तर ३० ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम कूट, बटाट्याऐवजी काकडीच्या फोडी आणि ४० ग्रॅम पनीर. अर्धा-अर्धा कूट घातलं की खिचडी कोरडी आणि भुरभुरीत होते. ते टाळायला साबुदाणा भिजवताना पाणी नखभर वर ठेवा, चार-पाच तास भिजू द्या, कूट कढईत नव्हे तर आधीच साबुदाण्याला चोळा, आणि काकडी शेवटच्या दोन मिनिटांत घाला, तिचं पाणी पुरतं.

सांजवात

राजगिऱ्याचा लाडू? तो तरी हलका असतो.

दोन_चमचे

हाताला हलका. लाह्या फुटताना त्यातला स्टार्च आधीच मोकळा झालेला असतो आणि बांधायला गूळ. गूळ, मध, खजूर, काळी साखर, सगळ्यांचा रक्तात गेल्यावरचा हिशोब साखरेच्या पंगतीतलाच. राजगिरा खायचा तर पिठाचं थालीपीठ करा : ४० ग्रॅम पीठ, किसलेली काकडी, एक चमचा कूट. हे पीठ धरून राहत नाही, तव्यावर उलटताना मोडतं, म्हणून लिंबाएवढा उकडलेला बटाटा मळताना घाला. तेवढ्याने काही बिघडत नाही. तव्यावर झाकण ठेवा आणि खालची बाजू पूर्ण सुटल्याशिवाय उलथनं लावू नका.

कडूनिंब

वरीचं पीठ सुटं, उघड्या पोत्यातलं घेऊ नये. पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. भगरीतून विषबाधेच्या बातम्या एकादशी-महाशिवरात्रीला येतात त्या त्यामुळेच. आख्खी वरी आणून निवडून घरी दळलेली बरी. मधुमेह्याला ओकाऱ्या-जुलाब म्हणजे गोळ्यांचं सगळं गणित कोसळतं.

पळसफूल

मोजण्याबद्दल. उपवासाच्या दिवशी सकाळी एकदा मोजून दिवस काढणं म्हणजे अंधारात चालणं. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन असलेल्यांनी पाच वेळा मोजावं : उठल्यावर, दुपारी बाराच्या सुमारास, चार-साडेचारला, उपवास सोडण्याआधी आणि सोडल्यावर दोन तासांनी. पट्ट्या वाचवायच्याच तर चारची वाचवू नका, सर्वांत खालचा आकडा बहुधा तिथेच सापडतो.

रोज्यांसाठी आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाची २०२१ ची मार्गदर्शिका आहे. तिच्यातली मर्यादा उपवासालाही तशीच लावता येते : ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेलं, किंवा बरं वाटेनासं झालं, की त्या दिवसाचा उपवास सोडायचा.

दोन_चमचे यांच्या खिचडीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. तूप-दाण्यांमुळे पोट सावकाश रिकामं होतं आणि चढ उशिरा येतो. अशा जेवणानंतर तासाने मोजून "वा, १५० च!" म्हणून खूश होऊ नका. पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी मोजा, आणि एखाद्या वेळी तीन तासांनीही. तीन तासांचा आकडा दोन तासांच्यापेक्षा मोठा आला तर खिचडीचं माप अजून कमी करायला हवं.

मीटर चुकतं कुठे? मुख्यतः बोटांवर. केळं सोललं, खजुराच्या बिया काढल्या आणि तसंच बोट टोचलं तर पन्नास-शंभरने जास्त दाखवू शकतं. साबण-पाण्याने धुवा, पूर्ण पुसा. स्पिरिट लावलं तर वाळू द्या. बोटाच्या टोकाला नाही, कडेला टोचा, दुखत नाही. बोट पिळून थेंब काढू नका, त्याऐवजी हात खाली सोडून झटका. पट्ट्यांची डबी पावसाळ्यात उघडी राहिली की पट्ट्या दमट होतात. फ्रिजमध्येही ठेवायच्या नाहीत. डबी उघडली ती तारीख झाकणावर लिहा, कारण उघडल्यानंतरची मुदत वेगळी असते.

आणि एकाच रक्ताचे दोन आकडे १५० आणि १६५ आले तर मीटर बिघडलेलं नाही. चांगल्या मीटरलाही पंधरा टक्के इकडे-तिकडे माफ असतं.

घाटमाथा

दंडावर चिकटवायचा सेन्सर असेल तर?

पळसफूल

दिवसभराचा आलेख दिसतो, हा फायदा मोठा. पण तो त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, रक्ताच्या पाच-पंधरा मिनिटं मागे. साखर वेगाने घसरत असताना सेन्सर ८५ दाखवत असेल आणि घाम फुटला असेल, तर बोट टोचून खात्री करा. रात्री त्या कुशीवर झोपल्यानेही खोटा कमी आकडा येतो.

रेवा_तीर

मूत्रपिंडाच्या रुग्णांना कोणी सांगत नाही म्हणून लिहिते. बटाटा, रताळं, केळं, खजूर, शहाळं : उपवासाचं सगळं ताट पोटॅशियमने भरलेलं असतं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा) वाढलेलं असेल, किंवा रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, रामिप्रिलसारखी गोळी असेल, तर एका दिवसात यातलं सगळं खाऊ नका आणि नवरात्राआधी डॉक्टरांना विचारून पोटॅशियम तपासून घ्या. सैंधव मीठही मीठच आहे. उपवासाचं म्हणून सढळ हाताने घालायचं नाही.

सांजवात

सासूबाईंचा नऊ दिवसांचा उपवास चुकत नाही. त्यांना काय पर्याय सुचवावा? गोळी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची आहे.

कडूनिंब

सांजवातताई, "करू नका" म्हटलं की त्या लपवून करतील, आणि ते जास्त वाईट. परंपरेतच मार्ग आहेत. उठता-बसता, म्हणजे पहिला आणि शेवटचा दिवस, हा मान्य प्रकार आहे. दुसरा, धान्यफराळ : धान्य भाजून घेऊन त्याचा फराळ करायचा. अनेक घरांत भाजलेले मूग, भाजलेल्या ज्वारीची भाकरी त्यात चालते. डाळ आली की प्रथिनांचा प्रश्न सुटला. तिसरा, एकभुक्त, पण जेवण दुपारी ठेवून. रात्री एकदाच जेवायचं नक्त त्यांच्या गोळीला अजिबात मानवणारं नाही.

घटस्थापनेच्या आधीच डॉक्टरांकडे जाताना चार गोष्टी लिहून न्या : गोळीचं पाकीट, आठवड्याचे उठल्यावरचे आणि जेवणानंतरचे आकडे, उपवासात त्या कोणत्या वेळी काय खाणार, आणि ताजं क्रिएटिनिन. "उपवास करू का?" असं विचारलं तर "नको" एवढंच उत्तर मिळतं. "दुपारी एकला जेवण, सकाळी-रात्री दूध आणि दाणे, तर गोळी कशी घ्यायची?" असं विचारलं की उत्तरही नेमकं मिळतं.

खलबत्ता

त्यात एक भर. देवीच्या दर्शनाला अनवाणी जाणार असतील तर पावलांची संवेदना आधी तपासून घ्या. बधिर पायाला तापलेली फरशी कळत नाही आणि फोड संध्याकाळी दिसतो. जाड मोजे घातले तर बहुतेक देवळांत कोणी अडवत नाही. परत आल्यावर तळवे आरशात बघायला सांगा, बोटांच्या बेचक्यांसकट. आणि पर्समध्ये ग्लुकोजची पुडी, रांग किती लांब असेल ते सांगता येत नाही.